जनुकाचे गाव वेगळे, पुडीचे गाव वेगळे : जनुक–पर्यावरण परस्परक्रियेचा अभ्यास कसा आखावा

इंदूरमधल्या एखाद्या मराठी गृहस्थांना मूळ गाव विचारले, की वाई, संगमनेर, पैठण असे काहीतरी उत्तर येते. त्या गावात ते कधी राहिलेले नसतात. घराण्याच्या चार-पाच पिढ्या आधी होळकरांच्या राज्यात आणि मग मध्य प्रदेशात गेलेल्या असतात. प्रश्नावलीत ‘मूळ गाव’ असा एकच रकाना असेल, तर त्यात नेमके काय भरले गेले हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. जनुके वाईची असतात. पाणी, धूर, शेव आणि तंबाखूची पुडी मालव्याची. जनुक आणि पर्यावरण मिळून आजार कसा घडवतात हे शोधायचे, तर हे दोन पत्ते पहिल्या दिवसापासून वेगळे लिहावे लागतात. आजी-आजोबा चौघांची जन्मगावे आणि घरची बोली हा एक भाग. स्वतः कुठे, किती वर्षे राहिलात हा दुसरा.

पुढचे सगळे विवेचन एका उदाहरणावर चालवू. इंदूरच्या मोठ्या रुग्णालयांत येणारा तोंडाचा कर्करोग, पर्यावरण म्हणून चघळायचा तंबाखू आणि जनुक म्हणून जीएसटीएम१. हे जनुक विषारी द्रव्ये निकामी करणारे एक विकर बनवते. काही लोकांत आईकडची आणि वडिलांकडची अशा त्याच्या दोन्ही प्रती गायब असतात. अशा माणसाला तंबाखू जास्त बाधतो का, हा प्रश्न. मधुमेह किंवा दमा घेतला तरी आखणीचा सांगाडा हाच राहतो.

आधी ठरवा : बेरजेने की गुणाकाराने

‘परस्परक्रिया आहे का?’ हा प्रश्न तसा अर्धवट आहे. ती कोणत्या मोजपट्टीवर, हे सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही. १९९४ मध्ये नेदरलँड्समधून आलेले एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. शिरेत रक्ताची गाठ होण्याचे प्रमाण दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला असे होते : फॅक्टर व्ही लायडन हा जनुकीय बदल नाही आणि गर्भनिरोधक गोळीही नाही, तर ०.८, फक्त गोळी, ३.०; फक्त जनुकीय बदल, ५.७, दोन्ही, २८.५. धोक्यांची नुसती बेरीज होत असती तर दोन्ही असणाऱ्यांत ३.० + ५.७ − ०.८ म्हणजे ७.९ अपेक्षित होते. म्हणजे सुमारे २०.६ जादा. गुणाकार धरला तर अपेक्षित आकडा २१.४, आणि प्रत्यक्षातला त्याच्या फक्त १.३ पट. एकच तक्ता एका मोजपट्टीवर प्रचंड परस्परक्रिया दाखवतो आणि दुसरीवर किरकोळ.

कुणाला वाचवायचे, साधने कुठे लावायची हा विचार असेल तर बेरजेची मोजपट्टी महत्त्वाची. लॉजिस्टिक रिग्रेशन ही नेहमीची सांख्यिकी पद्धत मात्र न विचारता गुणाकाराची मोजपट्टी देते. म्हणून केस-कंट्रोल अभ्यासात (आजार असलेले ‘केस’ आणि नसलेले ‘कंट्रोल’ यांच्या तुलनेत) ‘आरईआरआय’, म्हणजे बेरजेपेक्षा जादा धोका किती हे सांगणारा आकडा, वेगळा काढावा : दोन्ही असणाऱ्यांचा ऑड्स रेशो (दोन्ही नसणाऱ्यांच्या तुलनेत आजार किती पट, याचे माप), त्यातून दोन्ही एकेकटे ऑड्स रेशो वजा, अधिक एक. समजा तंबाखूचा ५, जनुकाचा १.२ आणि दोन्हींचा १२. तर आरईआरआय ६.८. दोन्हींचा ६ असता, म्हणजे गुणाकाराने काहीच परस्परक्रिया नसती, तरी तो ०.८ आला असता. दोन्ही मोजपट्ट्यांवरचे आकडे देऊ असे प्रस्तावातच लिहून टाका. आकडेवारी हातात आल्यावर मोजपट्टी निवडणे म्हणजे निकाल पाहून पैज लावणे.

केस कोण, कंट्रोल कोण

केस म्हणजे नव्याने निदान झालेला, बायोप्सीने पक्का झालेला, उपचार सुरू न झालेला रुग्ण. जुने रुग्ण घेतले तर जे जगले तेच हाती लागतात, आणि जनुकाचा जगण्याशी संबंध असेल तर त्याचे बिल आजाराच्या नावावर फाटते. जागाही नेमकी ठरवा : गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग, तोंडाचा तळ, टाळू. जिभेचे मूळ आणि टॉन्सिल वगळा. तिथल्या कर्करोगात एचपीव्ही विषाणूचा वाटा असतो आणि ती कथा निराळी. लाळग्रंथीचेही नकोत.

कंट्रोल निवडताना बहुतेक प्रबंध घसरतात. इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धार, झाबुआ, अलीराजपूर, खरगोन, बडवानी, देवास इथून रुग्ण येतात. केस अशा आणि कंट्रोल मात्र कॉलेजचे कर्मचारी किंवा रक्तदाते, असे केले तर तुलना आजाराची न राहता झाबुआ विरुद्ध इंदूर शहर अशी होते. कंट्रोल त्याच तहसिलीतला, त्याच लिंगाचा, वयात पाच वर्षांच्या आतबाहेरचा हवा. मतदार यादीतून निवडणे उत्तम, पण खर्चिक. रुग्णालयातूनच घ्यायचे तर हृदयविकार, दमा, क्षय, अल्सर हे विभाग टाळा, कारण तंबाखूने तिथे आधीच गर्दी केलेली असते. मोतीबिंदूही टाळा, धूम्रपानाशी त्याचे नाते आहे. हर्निया, अपेंडिक्स, कानाचे आजार असे मिसळून घ्या आणि कुठल्याही एका निदानाचा वाटा चौथाईच्या वर जाऊ देऊ नका.

रुग्णासोबत आलेला भाऊ कंट्रोल म्हणून घेण्याचा मोह होतो, कारण तो समोरच बसलेला असतो. भावंडांमुळे समाजासमाजांतल्या जनुकीय फरकाचा घोळ मिटतो, हे खरे. पण दोघांनी पुडी एकाच ठेल्यावर सुरू केलेली असते आणि फरकच उरत नाही. शिवाय सगळ्यांना योग्य वयाचे भावंड नसते. भावंड घ्यायचेच तर तशी स्वतंत्र आखणी करा. अर्धे भाऊ, अर्धे परके अशी खिचडी नको.

केस-ओन्लीचे आमिष

कंट्रोल गोळा करायलाच नकोत, असाही एक मार्ग आहे. १९९४ मध्ये पीगोर्श, वाइनबर्ग आणि टेलर यांनी दाखवले, की समाजात जनुक आणि सवय एकमेकांपासून स्वतंत्र असतील आणि आजार विरळ असेल, तर फक्त रुग्णांतला त्या दोहोंचा संबंध गुणाकाराच्या मोजपट्टीवरची परस्परक्रिया थेट सांगतो. नमुनेही बरेच कमी लागतात.

पण त्यातली अट आपल्याकडे फार नाजूक आहे. इथे लग्ने जातीत होतात, आणि काय खायचे, काय तोंडात धरायचे हेही बऱ्याच अंशी घरातून येते. समजा ‘अ’ समाजात जनुक गायब असलेले २० टक्के आणि तंबाखू खाणारे ६० टक्के. ‘ब’ समाजात अनुक्रमे ४० आणि २० टक्के. प्रत्येक समाजाच्या आत दोहोंचा काडीचाही संबंध नाही. आता दोन्ही समाज निम्मे-निम्मे एकत्र करा. जनुक गायब आणि तंबाखूही, असे १० टक्के. फक्त जनुक गायब २० टक्के. फक्त तंबाखू ३० टक्के. दोन्ही नाही असे ४० टक्के. ऑड्स रेशो येतो ०.६७. म्हणजे मुळात परस्परक्रिया शून्य असतानाही केस-ओन्ली अभ्यास ‘जनुक गायब असणे तंबाखूपासून वाचवते’ असा शोध लावून मोकळा. मराठी, सिंधी, माळवी, भिल्ल, बोहरा, जैन असे सगळे ज्या शहरात एकाच ओपीडीच्या रांगेत उभे असतात, तिथे ही कल्पनेतली अडचण नाही.

म्हणून कंट्रोल घ्याच, आणि जनुक-सवय संबंध कंट्रोलमध्ये समाजवार तपासा. मुखर्जी आणि चटर्जी यांची २००८ मधली एम्पिरिकल बेज पद्धत दोन्ही मार्गांचा मध्य साधते : आकडेवारीत स्वातंत्र्य दिसले तर केस-ओन्लीकडे झुकते, नाही तर केस-कंट्रोलकडे. ‘आर’ या सांख्यिकी संगणकप्रणालीत त्यासाठी ‘सीजीईएन’ हे पॅकेज आहे.

पुडी मोजणे

जनुक मोजणे आज सोपे आहे. पैसे भरले की नव्याण्णव टक्क्यांच्या वर अचूक उत्तर येते. अभ्यास बुडतो तो सवय मोजताना. इथे सगळ्यात जास्त वेळ आणि माणसे लावा.

पहिली अडचण शब्दांची. मध्य प्रदेशात एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तेव्हापासून पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. गिऱ्हाईक दोन्ही फाडून एकत्र करते. ‘गुटखा खाता का?’ याला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. मिश्री लावणाऱ्या आजींना ‘तंबाखू घेता का?’ विचारले तरी उत्तर ‘छे’ असेच येते. त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. तेव्हा वर्गाचे नाव न विचारता वस्तूचे विचारा, एकेक करून : साधी सुपारी, गोड सुपारी, पानमसाला, त्यात मिसळायची तंबाखूची पुडी, चुना लावून मळलेला तंबाखू, तंबाखूचे पान, मिश्री, गुल, तपकीर, बीडी, सिगारेट. प्रत्येकाची रिकामी पुडी चिकटवलेला एक पुठ्ठा मुलाखतकाराकडे असू द्या. बोट ठेवून दाखवणे सांगण्यापेक्षा सोपे. सुपारी स्वतंत्र रकान्यात हवीच. तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला आहे.

दुसरी अडचण आठवणीची. ‘किती वर्षांपासून?’ याला ‘दहा-पंधरा’ हे ठरलेले उत्तर. इथे मालव्याचे स्वतःचे कॅलेंडर कामाला येते. उज्जैनचे सिंहस्थ १९९२, २००४ आणि २०१६ मध्ये झाले. छत्तीसगड वेगळे झाले नोव्हेंबर २००० मध्ये. नोटबंदी नोव्हेंबर २०१६. टाळेबंदी मार्च २०२०. त्यात त्या माणसाचे लग्न, पहिले मूल, नोकरी बदलणे टाका. मग विचारा : मागच्याच्या मागच्या सिंहस्थाला दिवसाला किती पुड्या? लग्नानंतर वाढल्या की कमी झाल्या? टप्पे तयार होतात. १९९६ ते २००४ दिवसाला ६, मग २०१२ पर्यंत १२, मग २०२३ पर्यंत ८ : म्हणजे ४८ अधिक ९६ अधिक ८८, एकूण २३२ पुडी-वर्षे.

पुडीचे वजनही सारखे नसते. किमतीप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलते. ठेल्यावरून प्रत्येक प्रकारच्या दहा पुड्या आणून ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि सरासरी वापरा. शिवाय तीन प्रश्न चुकवू नका : किती मिनिटे तोंडात राहते, कोणत्या गालात, आणि रात्री गालात ठेवून झोपता का.

तिसरी अडचण काळाची. तोंड पुरते उघडेनासे झाले किंवा जखम भरेना, की माणूस पुडी कमी करतो, निदानानंतर तर सोडतोच. म्हणून ‘सध्या’ची सवय विचारून उपयोग नाही, केसमध्ये निदानाच्या दोन वर्षे आधीपर्यंतची आणि कंट्रोलमध्ये मुलाखतीच्या दोन वर्षे आधीपर्यंतची धरा. निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या, लघवीतल्या किंवा लाळेतल्या कोटिनीनचेही तेच. त्याचा अर्धायुकाल सोळा ते वीस तासांचा, म्हणजे तो मागच्या तीन-चार दिवसांचे सांगतो. केसमध्ये तो निरुपयोगी. कंट्रोलपैकी शंभरेक जणांत, ‘खात नाही’ म्हणणारे खरे बोलतात का, हे पाहण्यापुरता मात्र छान.

मुलाखत एकट्यात घ्या. सासूबाईंसमोर सून मिश्री कबूल करत नाही, वडिलांसमोर मुलगा पुडी. नातेवाइकाने दिलेले उत्तर स्वीकारू नका. प्रत्येक मुलाखतकाराने केस आणि कंट्रोल सारख्याच प्रमाणात करावेत. एकाने वॉर्ड आणि दुसऱ्याने वस्ती अशी वाटणी केली तर मुलाखतकाराचा फरक आजाराचा फरक होऊन बसतो. दहात एकाची मुलाखत तीन आठवड्यांनी दुसऱ्याकडून पुन्हा घ्या आणि दोन उत्तरे किती जुळतात ते मोजा. हिंदी, मराठी, माळवी, निमाडी या चारही बोलींत प्रश्नांचे शब्द आधी तीस केस आणि तीस कंट्रोलवर घासून पाहा.

नमुना-संख्या : चुकीची किंमत

एवढी कटकट कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत आहे. हिशेबापुरते धरू : जनुक गायब ३० टक्के, कंट्रोलमध्ये तंबाखू खाणारे ४० टक्के, जनुकाचा ऑड्स रेशो १.२, तंबाखूचा ५ आणि परस्परक्रियेचा २. पाच टक्के पातळीवर ८० टक्के ताकद (खरी परस्परक्रिया सापडण्याची शक्यता) हवी, तर सुमारे ८०० केस आणि ८०० कंट्रोल लागतात. परस्परक्रिया १.५ असेल तर सुमारे २,२३० अधिक २,२३०. केस-ओन्लीला, त्याची अट खरी असती तर, ४८० केस पुरल्या असत्या. आमिष कशाचे ते इथे दिसते. परस्परक्रिया शोधायला एकेकट्या घटकाच्या मानाने किमान चौपट नमुने लागतात, हे स्मिथ आणि डे यांनी १९८४ मध्येच मांडले होते.

आता प्रश्नावली थोडी ढिली ठेवा. खाणाऱ्यांपैकी ८० टक्केच पकडले जातात आणि न खाणाऱ्यांपैकी ५ टक्के चुकून ‘खाणारे’ ठरतात. ऐकायला वाईट नाही. पण तेवढ्याने खरी २ ची परस्परक्रिया १.४ दिसते, आणि ती पकडायला ८०० ऐवजी सुमारे २,६७५ केस लागतात, शिवाय तेवढेच कंट्रोल. तिप्पट खर्चाची भरपाई जनुके वाचणारी कुठलीही महागडी चिप करून देत नाही. एमडीच्या प्रबंधात तीन वर्षांत १०० अधिक १०० मिळणार असतील, तर परस्परक्रियेचा दावा करूच नये. सवयीच्या मोजमापाची विश्वासार्हता हाच विषय घ्यावा. तो जास्त कामाचा आहे.

रक्त

जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, ४ मिलि. हिरव्या झाकणाची हेपारिनची नको. हेपारिन पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीत, अडथळा आणते. नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करा, हलवून फेस करू नका. एका मिलिलिटरमधून साधारण २० ते ४० मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो आणि चिपला लागतो त्याचा किरकोळ भाग, तेव्हा एक नळी पुरे. फ्रिजमध्ये ४ अंशांवर काही दिवस चालते. त्यापुढे दोन भाग करून उणे २० किंवा उणे ८० अंशांवर, दोन वेगळ्या फ्रीझरांत. मे महिन्यात वीज गेली की दोन फ्रीझरांचे महत्त्व कळते. रक्त चढवण्याआधी नमुना घ्या.

लाळेवर भागवण्याचा विचार या आजारात सोडून द्या. तोंड उघडत नाही, आणि लाळेत गाठीच्या पेशी येतात, ज्यांच्या डीएनएत जन्मानंतरची मोडतोड झालेली असते. केसची लाळ आणि कंट्रोलचे रक्त हा तर सरळ अपघात.

जीएसटीएम१ची एक खास गोम आहे. जनुक गायब असेल तर पीसीआरमध्ये पट्टी येत नाही. पण पीसीआर फसली तरी पट्टी येत नाही. म्हणून प्रत्येक नळीत अल्ब्युमिनसारख्या दुसऱ्या जनुकाची पट्टी सोबत चालवावी. ती दिसली तरच ‘गायब’ लिहायचे. एक प्रत असलेला आणि दोन प्रती असलेला यांत ही चाचणी फरक करत नाही, त्यामुळे इथे हार्डी-वाइनबर्ग तपासणीही (शून्य, एक, दोन प्रतींची वाटणी अपेक्षेप्रमाणे आहे का) करता येत नाही. त्याऐवजी दहा टक्के नमुने नाव झाकून दुबार पाठवा. ९६ खणांच्या प्रत्येक प्लेटमध्ये केस आणि कंट्रोल मिसळलेले हवेत. सगळ्या केस सोमवारच्या प्लेटवर आणि कंट्रोल गुरुवारच्या, असे झाले तर यंत्राची लहर आजाराचे कारण ठरते.

मधुमेह हा विषय घेणाऱ्यांसाठी एक इशारा. एचबीए१सी ही सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिंधी समाजात थॅलेसेमियाचा आणि भिल्ल समाजात सिकल सेलचा वाहकपणा तुलनेने जास्त आढळतो. जी६पीडी या विकराची कमतरताही असतेच. अशा लोकांत हा आकडा फसवा येऊ शकतो, आणि मग जे ‘मधुमेहाचे जनुक’ सापडते ते हिमोग्लोबिनचे असते. उपाशीपोटी १२६ आणि ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० या साखरेच्या मर्यादांवर निदान ठरवा.

विश्लेषण

आधी साधा तक्ता : जनुक आहे-नाही, तंबाखू आहे-नाही असे चार गट, प्रत्येकात केस आणि कंट्रोल किती, ‘दोन्ही नाही’ या गटाच्या तुलनेत ऑड्स रेशो किती. मॉडेल कितीही गुंतागुंतीचे असो, हा तक्ता छापलाच पाहिजे. वाचणारा त्यावरून दोन्ही मोजपट्ट्या स्वतः काढू शकतो.

मग लॉजिस्टिक मॉडेल : जनुक, तंबाखू, त्यांचा गुणाकार, वय, लिंग, तहसील, शिक्षण, दारू, बीडी. इथे एक चूक इतकी सर्रास होते, की परीक्षकांच्याही नजरेतून सुटते. शिक्षण नुसते मॉडेलमध्ये टाकले म्हणजे त्याचा परस्परक्रियेवरचा प्रभाव निघत नाही. मॅथ्यू केलर यांनी २०१४ मध्ये दाखवल्याप्रमाणे जनुक गुणिले शिक्षण आणि तंबाखू गुणिले शिक्षण हे गुणाकारही घालावे लागतात. बाकी घटकांचेही तसेच. चिपची माहिती असेल तर पहिले दहा प्रिन्सिपल कंपोनंट (समाजासमाजांतला जनुकीय फरक टिपणारे आकडे) घाला. नसेल तर आजी-आजोबांची गावे आणि घरची बोली यांवरच भिस्त, म्हणून ते रकाने रिकामे चालत नाहीत. आरईआरआयची विश्वास-मर्यादा डेल्टा पद्धतीने किंवा बूटस्ट्रॅपने काढा.

एकच जनुक, एकच सवय आणि एकच मुख्य कसोटी आधी नोंदवून ठेवा. बाकीचे ‘शोधाशोध’ या मथळ्याखाली जाऊ द्या. ताणामुळे नैराश्य कुणाला येते यात सेरोटोनिन वाहकाच्या जनुकाचा वाटा आहे, असे सांगणारा २००३ चा शोधनिबंध जगभर गाजला. २००९ मधल्या एकत्रित विश्लेषणात आणि २०१९ च्या मोठ्या अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही. छोटे नमुने आणि हवा तसा फिरवता येणारा ‘ताण’ हा घटक, असे ते मिश्रण होते.

कागदपत्रे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीची परवानगी हवी. संमतीपत्रात निदान चार वेगळ्या चौकटी ठेवा : हा अभ्यास, डीएनए साठवणे, पुढच्या अभ्यासासाठी वापर, पुन्हा संपर्क. एका सहीत सगळे गुंडाळू नका. नमुने परदेशात जाणार असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीची मान्यता आधी घ्या. तिला महिने लागतात. जीएसटीएम१चा निकाल रुग्णाला सांगण्यासारखा नसतो, कारण त्यावर करण्यासारखे काही नाही, आणि ‘तुमचे जनुक चांगले आहे’ हे वाक्य ऐकून माणूस पुडी सोडणार नाही, उलट निर्धास्त होईल. हे संमतीपत्रातच लिहा.

अहवालात समाजांची नावे शक्यतो सांकेतिक ठेवा. नाही तर दुसऱ्या दिवशी एखाद्या समाजाचे जनुक ‘दोषी’ असल्याची बातमी येते. मांडणीसाठी २००९ ची स्ट्रेगा यादी (जनुकीय अभ्यासांच्या अहवालात काय काय द्यावे याची) समोर असू द्या. परस्परक्रिया सापडली नाही तरी चार गटांचा तक्ता, पुडीच्या वजनांचा तक्ता आणि दुबार मुलाखतींची जुळणी हे तिन्ही परिशिष्टात टाका. ग्वाल्हेर किंवा वडोदऱ्यात हाच अभ्यास करणाऱ्याला तुमची आकडेवारी आपल्यात मिसळायची असेल, तर त्याला हेच तीन लागतील.